जिम थॉर्प : मैदान गाजवणारा, पदकांना मुकलेला

अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात १९१२ हे वर्ष एका आदिवासी तरुणाच्या नावे नोंदले गेले आहे. त्या वर्षी जुलैमध्ये जिम थॉर्पने स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक पटकावले. शरद ऋतूत तो कार्लाइल शाळेच्या फुटबॉल संघातून मैदानात उतरला आणि तो हंगामही त्याने गाजवला. मात्र, पुढील वर्ष उजाडताच त्याची दोन्ही पदके हिरावली गेली.

थॉर्पचा जन्म १८८७ मधला. आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या भूमीवर तेव्हा मूळनिवासी जमातींचा प्रदेश होता. तेथील सॅक अँड फॉक्स जमातीत तो जन्मला. जुळा भाऊ चार्ली बालपणीच न्यूमोनियाने दगावला. किशोरवयातच आई-वडिलांचे छत्रही हरपले. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत दाखल झाला.

ही शाळा लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी १८७९ मध्ये जुन्या लष्करी बराकींत सुरू केली होती. मूळनिवासी मुलांची जमातीशी असलेली नाळ तोडून त्यांना गोऱ्यांच्या रीतीभातीत घडवणे, हा तिचा हेतू होता. मुलांचे केस कापले जात. मातृभाषेत बोलण्यास मनाई असे. त्याच शाळेचा फुटबॉल संघ मात्र देशभर गाजला. कार्लाइल महाविद्यालय नव्हते, तरी तिचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया अशा बड्या विद्यापीठांशी दोन हात करी. बहुतेक सामने परगावी होत आणि तिकीटविक्रीतील वाटा शाळेच्या क्रीडा निधीत जमा होई.

अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत भेदायची, हा अमेरिकन फुटबॉलचा गाभा. वेगाने धावणे, अंगावर येणाऱ्यांना चुकवणे आणि चेंडू अचूक लाथाडणे या तिन्ही गोष्टी थॉर्पला साधलेल्या होत्या. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी ते हेरले. १९११ मध्ये पाय दुखावलेला असतानाही थॉर्पने हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल केले आणि कार्लाइलने १८-१५ असा विजय मिळवला.

१९१२ मध्ये खेळाचे नियम बदलले. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि टचडाउनला पाचऐवजी सहा गुण. त्या हंगामात कार्लाइल १४ सामने खेळले. त्यांपैकी १२ जिंकले, वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ अशी एकमेव हार पत्करावी लागली. थॉर्पने किमान २५ टचडाउन केले.

या हंगामातील सर्वांत अर्थपूर्ण लढत ९ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंट येथे झाली. समोर लष्करी अकादमीचा संघ होता आणि त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयसेनहॉवरही होते. वुंडेड नी येथे सैन्याने लकोटा जमातीच्या स्त्री-पुरुषांचे शिरकाण केले, त्याला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती. त्याच सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांना मूळनिवासींच्या मुलांनी २७-६ असे नमवले. हंगामाची सांगता ब्राऊन विद्यापीठावरील ३२-० अशा विजयाने झाली.

जानेवारी १९१३ मध्ये वूस्टर येथील एका वृत्तपत्राने जुनी गोष्ट उजेडात आणली. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळला होता. हौशी खेळाडूने खेळासाठी पैसे घेणे निषिद्ध होते. महाविद्यालयीन खेळाडू असे सामने सर्रास खेळत. पण अनेक जण खोटे नाव लावत, थॉर्पने स्वतःचेच लावले होते. तक्रार स्पर्धेनंतर ३० दिवसांत करण्याची ऑलिम्पिकच्या नियमांत अट होती आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. तरीही पदके परत घेतली गेली, नावही नोंदींतून वगळण्यात आले. त्याच्या खेळावर नाव आणि निधी कमावणारी शाळा त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही. १९१८ मध्ये ती शाळाच बंद झाली.

थॉर्पची उमेद मात्र खचली नाही. तो न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला. १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाने त्याला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. आजच्या नॅशनल फुटबॉल लीगची पूर्वज असलेली संघटना १९२० मध्ये स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यालाच मिळाला. खेळ सुटल्यावर मात्र दैन्य आले. मंदीच्या काळात त्याने खोदकामाची मजुरी केली, चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. तीनच वर्षांनी, २८ मार्च १९५३ रोजी, कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले.

त्यानंतर दफनाचाही वाद झाला. त्याचे पार्थिव जन्मभूमीत विसावले नाही. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक गावाने स्वतःचे नाव बदलून जिम थॉर्प असे ठेवले आणि त्याची समाधी तेथे झाली. पार्थिव ओक्लाहोमात आणण्यासाठी मुलांनी दिलेला न्यायालयीन लढा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारातच संपला.

पदकांचा न्यायही हप्त्याहप्त्याने मिळाला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला संयुक्त विजेता ठरवले आणि पुढील वर्षी त्याच्या मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती दिल्या. दोन्ही शर्यतींचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले गेले ते जुलै २०२२ मध्ये. तोवर स्टॉकहोमच्या त्या विजयाला ११० वर्षे झाली होती आणि थॉर्पला जाऊन ६९.