विश्लेषण : डिस्क स्वतःची चूक स्वतः कशी सुधारते? रिचर्ड हॅमिंग यांचे योगदान काय?

डिस्कचा एखादा ब्लॉक खराब होतो, तरीही फाइल शाबूत उघडते. डेटा सेंटरचा कारभार या सोयीवर चालतो. तिच्या मुळाशी एका गणितज्ञाचे वाया गेलेले दोन शनिवार-रविवार आहेत.

कोण होते हॅमिंग?

रिचर्ड हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागोत झाला. १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. १९४५ मध्ये ते लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात गेले आणि १९४६ मध्ये बेल लॅब्जमध्ये रुजू झाले.

नेमके काय बिघडले?

बेल लॅब्जच्या रिले संगणकाला चूक झाल्याचे कळत असे. एरवी ऑपरेटर ती निस्तरत. सुट्टीच्या दिवशी मात्र कोणीच नसे. मग यंत्र ते काम सोडून पुढचे हाती घेई. १९४७ मध्ये लागोपाठ दोनदा हॅमिंग यांचे काम असेच अर्धवट राहिले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

त्यांनी काय शोधले?

माहितीच्या ४ बिटांना त्यांनी ३ तपासणी बिट जोडले. प्रत्येक तपासणी ठरावीक बिटांमधील १ ची संख्या सम आहे का, हे पाहते. तिन्ही निकाल एकत्र वाचले की चुकलेल्या बिटाचा क्रमांकच मिळतो. तो बिट उलटा केला की झाले. मात्र एकाच गटात दोन बिट चुकले, तर ही पद्धत फसते. हे संशोधन १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

आजच्या डिस्कशी संबंध काय?

आजच्या डिस्क याहून प्रगत संकेत वापरतात. झेडएफएससारखी फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा जपते. तो जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत पडताळून वाचली जाते आणि खराब प्रत त्यावरून दुरुस्त होते. चेकसम नसेल, तर दोन प्रतींपैकी खरी कोणती, हेच ठरत नाही. क्वचित उघडल्या जाणाऱ्या फाइलींची दुसरी प्रतही बिघडू नये, म्हणून ठरावीक काळाने सगळे ब्लॉक वाचून तपासावे लागतात. याला स्क्रबिंग म्हणतात.

पुढे काय झाले?

१९६८ मध्ये हॅमिंग यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ पासून ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. तिथेच ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारावर उभी राहिलेली यंत्रणा बिघडलेला ब्लॉक सुधारते. आपणच चुकून डिलीट केलेली फाइल मात्र ती परत आणत नाही. त्यासाठी स्वतंत्र बॅकअपच हवा.