मंडालेच्या कोठडीतील शिदोरी

बेळगाव-निपाणीकडील आपल्यापैकी पुष्कळजण बेळगावच्या टिळकवाडीतून जातात येतात. परंतु ज्यांचे नाव या वस्तीला मिळाले, ते लोकमान्य टिळक कॉलेजात आले तेव्हा अगदी किरकोळ शरीरयष्टीचे होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८५६ साली रत्नागिरीस जन्मलेले बाळ गंगाधर टिळक मॅट्रिक होऊन १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. आई लहानपणीच निवर्तली होती. वडीलही आदल्या वर्षी गेले होते. अशा पोरक्या मुलाने आधी परीक्षा पदरात पाडून घ्यावी, असे कोणीही म्हटले असते. टिळकांनी मात्र पहिले वर्ष शरीर कमावण्याला वाहिले. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हवणे आणि त्यावर भरपूर आहार असा क्रम चालला. अभ्यास मागे पडून एक वर्ष हातचे गेले. (सर्वांनीच असे वर्ष दवडावे असे आम्ही सुचवीत नाही, घरची मंडळी आमच्यावर रागावतील!) पुढे गणित घेऊन ते बी. ए. ला पहिल्या वर्गात आले.

या कमाईची कसोटी लागली ती ३५ वर्षांनी. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात ६ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली. वय ५२, अंगात मधुमेह, लाकडी गजांची कोठडी, उन्हाळा असह्य आणि घर समुद्रापार. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ताही तेथेच येऊन पोहोचली. अशा एकांतात भल्याभल्यांचे मन खचते. लोकमान्यांनी पथ्य व दिनक्रम सोडला नाही. पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले.

हे सारे तालमीनेच घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. व्यायामाने मधुमेह टळला नाही. शिवाय मनाला ग्रंथांचा व ध्येयाचा आधार होताच. तरी नियमित व्यायामाने मनावरचा ताण हलका होतो, असे आजचे वैद्यकही सांगते. आणि तारुण्यात शरीराला वळण लावताना जडलेली नेमाची सवय कोठडीतही त्यांच्या सोबतीला राहिली असावी, असे आम्हांस वाटते.

१९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. दोनच वर्षांनी, १९१६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी, ते प्रांतिक परिषदेसाठी बेळगावास आले आणि त्यांच्या होमरूल लीगची स्थापना येथेच झाली.