पोटात हवा भरणारा शल्यविशारद

पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन दिवस लोटल्यावर रुग्णाचे उभ्याने क्ष-किरण छायाचित्र काढले, तर उजव्या श्वासपटलाखाली, यकृताच्या माथ्यावर, काळसर चंद्रकोर दिसण्याची शक्यता असते. ही उदरपोकळीत मोकळी राहिलेली हवा. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले तेव्हा ती आत शिरली आणि टाके घातल्यावर तेथेच अडकली. शरीर ती सावकाश शोषून घेते. त्याला काही दिवस, क्वचित आठवड्याहून अधिक काळ लागतो. मात्र हीच चंद्रकोर शस्त्रक्रिया न झालेल्या, पोटदुखीने तळमळणाऱ्या माणसाच्या छायाचित्रात दिसली, तर जठराला वा आतड्याला छिद्र पडल्याची ती धोक्याची खूण ठरते. अमेरिकेतील विख्यात शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१९ साली या खुणेचे महत्त्व मांडले. पण त्याच्या कितीतरी आधी जर्मनीतील एका डॉक्टरने ही हवा जाणूनबुजून, मोजूनमापून पोटात भरण्याचे धाडस केले होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक म्हणून वैद्यकविश्वात ओळखले जाणारे ते डॉक्टर म्हणजे गेऑर्ग केलिंग.

केलिंग यांचा जन्म ७ जुलै १८६६ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. लाइपझिग आणि बर्लिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. जठर हा त्यांचा आरंभापासूनचा आवडीचा विषय. पुढे ते ड्रेस्डेनलाच स्थिरावले आणि तेथे त्यांनी आपले रुग्णालय चालविले. विद्यापीठातील अध्यासन त्यांच्या पाठीशी नव्हते, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी अल्सरमुळे जठरातून होणारा रक्तस्राव म्हणजे डॉक्टरांपुढील यक्षप्रश्नच होता. रक्त देण्याची सुरक्षित सोय नव्हती. पोट उघडून रक्तवाहिनी शोधावी, तर आधीच क्षीण झालेला रुग्ण त्या शस्त्रक्रियेनेच दगावे. केलिंग यांनी वेगळा विचार केला. जखमेवर बोळा दाबून धरला की रक्त थांबते. मग बंद पोटात हवा भरून आतूनच सर्व अवयवांवर दाब दिला तर? कापसातून गाळून निर्जंतुक केलेली हवा सुईवाटे उदरपोकळीत भरण्याचे प्रयोग त्यांनी कुत्र्यांवर केले. पाऱ्याच्या पन्नास-साठ मिलिमीटर इतका आणि त्याहूनही अधिक दाब त्यांनी वापरला. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारण १२ ते १५ मिलिमीटर दाब पुरेसा मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रयोगातील धोकाही कळतो.

एवढ्या दाबाखाली आत नेमके काय घडते, हे बाहेरून कसे समजणार? मूत्राशयाच्या तपासणीसाठी माक्स नित्से यांनी तयार केलेली दुर्बीण तेव्हा उपलब्ध होती. तिचे पहिले प्रात्यक्षिकही १८७७ साली ड्रेस्डेनमध्येच झाले होते. केलिंग यांनी पोटाला दुसरे बारीक छिद्र पाडून ती आत सरकविली. हवेने पोटाची भिंत वर उचलली गेली होती आणि तिच्याखाली यकृत, आतडी व इतर अवयव स्पष्ट दिसत होते. रक्तस्राव थांबविण्याची मूळ कल्पना काळाच्या ओघात मागे पडली. तिच्या निमित्ताने उघडलेली ही खिडकी मात्र कायमची उघडी राहिली.

२३ सप्टेंबर १९०१ रोजी हँबुर्ग येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांचे ७३ वे अधिवेशन भरले होते. तेथे केलिंग यांनी जिवंत कुत्र्यावर या पद्धतीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. ‘कोलिओस्कोपी’ असे नाव त्यांनी तिला दिले आणि १९०२ च्या आरंभी म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर मात्र या विषयावर त्यांनी दीर्घकाळ मौन पाळले. कर्करोगाचे निदान रक्ताच्या चाचणीने करता येईल का, या शोधातही त्यांनी बराच काळ घालविला. ते काम टिकले नाही.

हे मौन त्यांना महागात पडले. १९१० साली त्याच साप्ताहिकात स्टॉकहोमचे हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांचा लेख झळकला. पोटात पाणी साठलेल्या रुग्णांची त्यांनी दुर्बिणीने तपासणी केली होती आणि छातीच्या पोकळीतही तोच प्रयोग केला होता. केलिंग यांनी तातडीने उत्तर लिहून आपला अग्रहक्क मांडला व माणसांवरही आपण ही पद्धत वापरल्याचे नमूद केले. परंतु तपशीलवार नोंदी वेळीच छापल्या नव्हत्या. याकोबेउस यांनी पुढे अनेक रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाने नाव स्वीकारले ते त्यांच्या शब्दातून आलेले, लॅपरोस्कोपी. यात अन्याय झाला असे म्हणवत नाही. केलिंग यांचा संताप मात्र समजण्यासारखा आहे. शिवाय हवा भरण्यासाठी निराळी सुई वापरून मगच दुर्बीण घालण्याची केलिंग यांची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

१९२३ साली चलनवाढीने जर्मनीचे कंबरडे मोडले असताना त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. निव्वळ निदानासाठी पोट फाडणे म्हणजे रुग्णाला दीर्घकाळ खाटेवर खिळविणे आणि खर्चात लोटणे. दुर्बिणीने हे दोन्ही टळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बड्या शल्यविशारदांनी तो फारसा मनावर घेतला नाही. गंमत अशी, की जवळपास अर्धशतकानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी हाच विचार अमलात आणला. १९७२ पासून त्यांनी निदानासाठी दुर्बीण वापरली, ती गरीब रुग्णांसाठी ती स्वस्त आणि सोयीची म्हणूनच. पुढे १९९० साली त्यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली.

हवेचे दोष यथावकाश ध्यानात आले. ती रक्तात सहजी विरघळत नाही. चुकून रक्तवाहिनीत शिरली तर प्राणावर बेतते. १९२४ साली स्वित्झर्लंडचे रिखार्ड झोलिकोफर यांनी कार्बन डायऑक्साइड सुचविला. हा वायू रक्तात झटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेला वायू बहुधा दोन-तीन दिवसांत नाहीसा होतो. तोवर श्वासपटलाच्या नसा चाळवल्या जाऊन खांदा दुखतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा का दुखावा, हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर या उरल्यासुरल्या वायूत आहे. मात्र पोटातील हवा कमी होण्याऐवजी वाढत असेल, जोडीला ताप, वाढती पोटदुखी, जलद नाडी असेल, तर सांध्यातून गळती होत असल्याचा संशय घेऊन डॉक्टर धाव घेतात.

केलिंग यांना हे पुढचे पर्व पाहता आले नाही. कील येथील कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ काढले, १९८५ साली एरिक म्युहे यांनी पित्ताशय काढले; दोघेही जर्मन आणि दोघांनाही स्वदेशातील धुरिणांकडून प्रथम अवहेलनाच सोसावी लागली. केलिंग अखेरपर्यंत ड्रेस्डेनमध्ये राहिले. फेब्रुवारी १९४५ च्या मध्यास ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी केलेल्या बाँबवर्षावात ते शहर जळून खाक झाले. त्या बाँबहल्ल्यात मरण पावलेल्या हजारो नागरिकांमध्ये ७८ वर्षांचे गेऑर्ग केलिंगही होते.