गाडगेबाबा आधी विचारायचे, मग सांगायचे

संवाद कौशल्य हा विषय आता जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात असतो. सोपं बोला, समोरच्याचं ऐका, त्याला बोलतं करा, असे मुद्दे फळ्यावर येतात, वहीत उतरतात आणि वही कपाटात जाते. आज मी तुम्हाला अशा एका माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याने यातला एकही मुद्दा कधी वाचला नव्हता. कारण त्याला वाचताच येत नव्हतं. तरीही त्याचं बोलणं ऐकायला हजारो माणसं रात्र रात्र बसायची आणि घरी जाऊन त्याप्रमाणे वागूनही बघायची. तुम्ही ओळखलं असेलच. संत गाडगेबाबा.

त्यांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या नादाने लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाकडे डेबू गुरं राखू लागला, पुढे शेतीत राबू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं.

आता मुलीच्या बारशाचा प्रसंग बघा. त्या काळी अशा कार्याला नातेवाइकांना दारू आणि मटण द्यायचं, ही जातीतली रीतच होती. नाही दिलं तर पाहुणे रुसायचे, जातीत नाव जायचं. डेबूजीने घरात गोडाचं जेवण केलं. दारू नाही, बकरं नाही. लोक कुरकुरले. वडील दारूने गेलेला मुलगा दारूबद्दल भाषण देऊ शकला असता, पण त्याने पंगत वाढली. पुढे आयुष्यभर त्यांनी दारूविरुद्ध जे बोललं त्याला वजन आलं, ते मला वाटतं या पंगतीपासून. मुलांना मोबाईल ठेव म्हणताना आपल्या हातात काय असतं, हे पालकांनी इथे मनात आणायला हरकत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. तेच खायचं भांडं, तेच पाणी प्यायचं भांडं आणि तेच उन्हात डोक्यावर. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा केलं.

ऋणमोचनला पूर्णा नदीच्या काठी पौष महिन्यात यात्रा भरते. नदीत उतरायची वाट निसरडी, चिखलाची. म्हातारी माणसं घसरून पडायची. बाबांनी कुणाला सांगितलं नाही, की चला, श्रमदान करू या. ते स्वतः कुदळ-फावडं घेऊन वाट नीट करायला लागले. बघणारे आधी बघत राहिले, मग एकेक जण हात लावू लागला. पुढे तिथे घाट उभा राहिला. गावात शिरल्यावरही त्यांची हीच पद्धत. आधी हातात खराटा घेऊन रस्ते, गटारं, देवळापुढची जागा साफ करायची. दिवसभर लोकांनी या वेड्या माणसाला झाडताना पाहिलेलं असायचं, आणि संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा. म्हणजे पहिला शब्द तोंडातून निघण्याआधीच ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न तयार झालेला असायचा की हा आहे तरी कोण. आपण याला पाठाची प्रस्तावना म्हणतो.

आता खुद्द कीर्तनाकडे येऊ, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

नेहमीच्या कीर्तनात बुवा बोलतात आणि लोक ऐकतात. बाबांच्या कीर्तनात लोकांना गप्प बसता येत नसे. देवकीनंदन गोपाला हा गजर झाला, की प्रश्न सुरू. भाषा थेट वऱ्हाडी, शेतात आणि चुलीपुढे बोलली जाते तशी. देवाला आंघोळ कोण घालतं, असं ते विचारायचे. समोरून उत्तर यायचं, आपणच घालतो. मग त्याला कपडे कोण नेसवतं? तेही आपणच. नैवेद्य ठेवला आणि कुत्रं आलं, तर त्याला हाकलतं कोण? पुन्हा आपणच. प्रत्येक प्रश्न इतका साधा, की उत्तर चुकायची भीतीच नाही. पाच-सहा उत्तरं देईपर्यंत माणूस अशा ठिकाणी येऊन उभा राहायचा, की नवसाला बकरं कापण्यात काय अर्थ आहे हे त्याचं त्यालाच दिसायचं. दगडातल्या देवापेक्षा भुकेला माणूस जवळचा, हे सांगण्याआधी बाबांनी ते लोकांच्याच तोंडून वदवून घेतलेलं असायचं.

इथे थोडं थांबा आणि बारकावे बघा. एक तर ते स्वतःला शहाणं म्हणवून घेत नसत. आपण अडाणी, आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, हे ते सगळ्यांसमोर बोलायचे. कुणाला पाया पडू देत नसत, कुणाला शिष्य करत नसत. त्यामुळे समोरच्याला आपण खाली बसलोय असं वाटत नसे. दुसरं, श्रोत्यांनी दिलेलं उत्तर ते टाकून देत नसत, तेच उचलून त्याच्यावर पुढचा प्रश्न रचायचे. वर्गात हे किती अवघड आहे, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही की आपलं बोट लगेच पुढच्या मुलाकडे वळतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे हसू. लोक पोट धरून हसायचे, पण हसत होते ते स्वतःच्याच वागण्याला. कर्ज काढून लग्न करणाऱ्याला त्यांनी कीर्तनात हसवलं, म्हणून तो रागावून उठून गेला नाही. हेच कुणी चारचौघांत बोट दाखवून सुनावलं असतं तर?

पालकसभेत हेच घडतं. मुलाचं प्रगतिपत्रक समोर धरून आपण त्याच्या आईला सांगतो, की हा अभ्यास करत नाही, याच्याकडे घरी लक्ष द्या. आई मान हलवते, सही करते आणि जाते. संवाद झाला का? तिला घरी किती वाजता यायला मिळतं, मुलगा कुठे बसून लिहितो, घरात दिवा असतो का, हे विचारलं असतं तर कदाचित तिनेच पुढचं बोलणं केलं असतं.

शिक्षणाबद्दल तर बाबांचा आग्रह टोकाचा होता. घरातलं जेवायचं ताट मोडावं लागलं, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्यावं लागलं तरी चालेल, पण मुलाला शाळेत घाला, असं ते सांगत. उदाहरणं कुठून आणायची तर लोकांच्या डोळ्यासमोरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ते कीर्तनात घ्यायचे. बापाने शाळेत घातलं म्हणून त्या मुलाने देशाची घटना लिहिली, असं सांगितल्यावर झोपडीतल्या बापाला शिक्षण म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नसे. दोघांचा एकमेकांवर लोभही होता. पंढरपूरला दलित वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

धर्मशाळा त्यांनी कितीतरी उभ्या केल्या. नाशिक, आळंदी, देहू, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. पैसा लोकांनी दिला. मागणारा माणूस स्वतः भाकरी मागून खातो आणि चिंध्या नेसतो, हे दिसत असल्यामुळे पावती मागायची कुणाला गरज वाटली नसावी.

पण एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. संवाद आणि नाती हा विषय असेल तर त्यांच्या घराबद्दलही बोलायला हवं. सगळ्या महाराष्ट्राशी बोलणाऱ्या या माणसाने घरी आई, बायको आणि लेकरं सोडली होती. संस्थेच्या मालमत्तेवर नातेवाइकांचा काडीचाही हक्क नाही, हा त्यांचा दंडक होता. कुंताबाईंनी कष्टाचे दिवस काढले. १९२३ साली मुलगा गोविंदा कुत्रं चावल्याने गेला. कोकणात कीर्तन चालू असताना ती बातमी बाबांपर्यंत पोचली आणि कीर्तन थांबलं नाही, असं सांगतात. ही गोष्ट बहुतेक वेळा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्यांचा त्याग मोठा होता, यात शंका नाही. पण ती वाचताना माझ्या डोळ्यासमोर कुंताबाई येतात. त्यांच्याशी त्या रात्री कोण बोललं असेल? आठवीच्या वर्गात हा प्रसंग सांगितला की मुली नेमकं हेच विचारतात. मी त्यांना थांबवत नाही. प्रश्न विचारायला ज्यांनी लोकांना शिकवलं, त्यांच्याबद्दलही प्रश्न विचारला गेला तर त्यात अनादर कसला?

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्रे इथे त्यांचं कीर्तन झालं. तोपर्यंत वय ऐंशीच्या घरात होतं आणि तब्येत खालावलेली. सुदैवाने या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. शक्य असेल तर मुलांना त्यातली पाच-दहा मिनिटं ऐकवा, आणि आधी काही समजावून सांगू नका. आवाज थकलेला आहे, भाषा पुण्या-मुंबईच्या मुलांना सुरुवातीला अवघड जाते. पण बाबांनी प्रश्न टाकला, की समोरच्या गर्दीतून येणारं उत्तर ऐका. मुलंही थोड्या वेळाने त्या गर्दीबरोबर उत्तरं द्यायला लागतात.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. घर सोडल्यावर त्यांचं आयुष्य फिरण्यातच गेलं होतं. गेले तेही वाटेतच.