रखमाबाईंचा नकार

सासरी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे पत्करणारी स्त्री, हीच डॉ. रखमाबाईंची पहिली ओळख. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले आणि आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. मात्र त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या घरी वाचनात रमल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. ज्या वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी हा दावा होता, ती कल्पना स्मृतिग्रंथांतली नव्हे. इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून ती हिंदुस्थानात आली होती. त्याच वर्षी इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद रद्द केली. हिंदुस्थानात ती कायम राहिली. धर्मरक्षणाच्या आवेशात तिची पाठराखण करणाऱ्यांना तिच्या या मूळ गावाचे भान राहिले नाही.

न्या. पिन्हे यांना ते होते. सहजीवन सुरूच न झालेल्या बालविवाहात पुनःस्थापना संभवत नाही, असे मानून त्यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाहावर कोरडे ओढणारी पत्रे प्रसिद्ध झाली होती. ती रखमाबाईंचीच होती. दादाजींच्या अपिलानंतर मात्र १८८६ मध्ये प्रकरण फेरसुनावणीला आले. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी निकाल दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली.

‘केसरी’ने त्यांच्यावर प्रखर टीका केली. परकीय सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, ही टिळकांची भूमिका राजकीयदृष्ट्या समजण्याजोगी असली, तरी तिची किंमत एका तरुणीने मोजावी, ही अपेक्षा कठोरच म्हणावी लागेल. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंगवास टळला.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई लंडनला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक दशके स्त्रियांवर उपचार केले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली, असे सांगतात. या कृतीचा उलगडा सहज होत नाही.

कायदा मात्र हप्त्याहप्त्याने बदलत होता. त्यांच्या खटल्याने तापलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आले. नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १९२३ मध्ये रद्द झाली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला, तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणाऱ्या याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनःस्थापनाही कायम ठेवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते कलम वैध ठरवले. रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले.