रॉकेलच्या पैशाचे दान

रॉकेल हा शब्द रॉकफेलरच्या नावावरून आला असावा, असे एखाद्याला वाटले तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात तो आला 'रॉक ऑइल'वरून, म्हणजे दगडातून निघणारे तेल. पण चूक अगदीच अस्थानी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या कितीतरी घरांत कंदील पेटायचा तो जॉन डेव्हिसन रॉकफेलर या माणसाच्या कंपनीच्या तेलावर. हा माणूस त्याच्या काळातला सर्वांत मोठा धनिक, आणि सर्वांत मोठ्या दात्यांपैकी एक. तरीही त्याच्याच देशातल्या असंख्य लोकांना त्याची देणगी हातात घेणे हे पाप वाटत होते.

आजही एखाद्या अब्जाधीशाने इस्पितळाला किंवा शाळांना मोठी रक्कम जाहीर केली की आपल्या कट्ट्यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देतोय ना, मग घ्या. दुसरा म्हणतो, यात त्याचा काहीतरी डाव असणार. हे वाद ऐकताना मला नेहमी रॉकफेलर आठवतो, कारण या वादातले बहुतेक सगळे मुद्दे त्याच्या हयातीतच मांडून झाले आहेत.

त्याचा जन्म ८ जुलै १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रिचफर्ड या खेड्यातला. वडील विल्यम हे गावोगाव फिरून औषधे विकत. बोलण्यात पटाईत, व्यवहारात बेभरवशाचे, आणि पुढे दुसऱ्या नावाने दुसरीकडे वेगळा संसार थाटून बसलेले. आई एलायझा बाप्टिस्ट पंथाची, देवभोळी आणि कडक शिस्तीची. वडील महिनोन्‌महिने गायब असत, तेव्हा घर तिनेच ओढले. पैशाची ओढ एकाकडून आणि चर्चची ओढ दुसरीकडून घेतलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी क्लीव्हलंड शहरात ह्युइट अँड टटल या पेढीत सहायक हिशेबनीस म्हणून लागला. तो दिवस २६ सप्टेंबर १८५५. पुढे आयुष्यभर हा दिवस तो वाढदिवसासारखा साजरा करी.

नोकरी लागताच त्याने स्वतःच्या जमाखर्चाची एक वही घातली. 'लेजर ए' या नावाने ती प्रसिद्ध आहे. खाणावळ, कपडे यांच्या बरोबरीने तीत चर्चला आणि गोरगरिबांना दिलेले पैसे नोंदलेले आहेत, तेही पहिल्या तुटपुंज्या पगारापासून. १८५९ सालची एक नोंद तर अशी की, एका कृष्णवर्णीय माणसाला आपल्या गुलाम बायकोची सुटका विकत घेण्यासाठी त्याने मदत केली. तेव्हा रॉकफेलर वीस वर्षांचाही जेमतेम होता.

ही वही मला फार महत्त्वाची वाटते. स्वामी विवेकानंदांनी शिकागोत रॉकफेलरला दोन शब्द सुनावले आणि तेव्हापासून तो दानशूर झाला, अशी कथा आपल्याकडे व्याख्यानांतून सांगितली जाते. कथा गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. स्वामीजी अमेरिकेत पोचले १८९३ मध्ये. शिकागो विद्यापीठासाठी सहा लाख डॉलर देण्याचे वचन रॉकफेलरने १८८९ मध्येच दिले होते, आणि तेही उरलेले चार लाख इतरांनी जमवावेत या अटीवर. अटलांटातल्या कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेला तर तो त्याच्याही आधीपासून मदत करत होता. ती शाळा पुढे त्याच्या पत्नीच्या माहेरच्या आडनावाने, स्पेलमन या नावाने, ओळखली जाऊ लागली. सांगायचे एवढेच की, पापक्षालनासाठी किंवा नाव कमावण्यासाठी हा माणूस उतारवयात अचानक देऊ लागला, हे खरे नाही. देण्याची सवय श्रीमंतीच्या आधीची होती.

आता त्याच माणसाची दुसरी बाजू. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे तेलाची विहीर लागली. १८६३ मध्ये रॉकफेलर तेल शुद्धीकरणाच्या धंद्यात उतरला आणि १० जानेवारी १८७० रोजी स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन झाली. तेल काढण्यात जुगार होता, ते शुद्ध करून वाहून नेण्यात पैसा होता. रॉकफेलर रोज भरपूर माल देई, म्हणून रेल्वे कंपन्या त्याला भाड्यात गुपचूप सूट देत. १८७२ मध्ये 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' नावाची जी योजना शिजली ती याच्या पुढची होती. तिच्यात आपल्या मालावर सूट मिळणार होतीच, शिवाय प्रतिस्पर्ध्याने रेल्वेला भरलेल्या भाड्यातलाही काही हिस्सा आपल्याच खिशात येणार होता! समोरच्या दुकानदाराने टेंपोवाल्याला दिलेल्या पैशांतून आपल्याला वाटा मिळावा, तसा हा प्रकार. बोभाटा झाला आणि योजना सुरू होण्याआधीच बारगळली. पण तिच्या नुसत्या धाकाने काम केले. काही महिन्यांत क्लीव्हलंडमधल्या २६ शुद्धीकरण कारखान्यांपैकी २२ रॉकफेलरच्या हाती आले. १८८० च्या सुमारास अमेरिकेतले सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण स्टँडर्डकडे होते.

स्वतः रॉकफेलरला यात काही गैर वाटले नाही. बेबंद धंद्याला आपण शिस्त लावली, तेल स्वस्त केले, अशीच त्याची समजूत होती. तेल स्वस्त झाले हे खरेही आहे. पण ज्यांचे कारखाने गेले त्यांची घरे हे विसरली नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात फ्रँकलिन टार्बेल नावाचे एक गृहस्थ याच लाटेत खाली आले. त्यांची मुलगी आयडा टार्बेल पुढे पत्रकार झाली. १९०२ ते १९०४ या काळात 'मॅक्‌क्लुअर्स' मासिकात तिने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लेखमालेने छापला. आरडाओरड न करता, न्यायालयीन कागद, साक्षी आणि करार पुढे ठेवून तिने लिहिले, म्हणून तो जास्त झोंबला.

लेखमाला संपली न संपली तोच, १९०५ मध्ये, बोस्टनच्या एका मिशन संस्थेला रॉकफेलरने एक लाख डॉलर दिल्याची बातमी आली. ही संस्था म्हणजे 'अमेरिकन बोर्ड', जिने १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केले. अहमदनगर आणि सोलापूरच्या तिच्या शाळा, 'ज्ञानोदय' नियतकालिक, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे कार्य ज्या मिशनशी जोडलेले होते, ते हेच. ओहायोतले एक धर्मोपदेशक, वॉशिंग्टन ग्लॅडन, यांनी जाहीर विरोध केला. हा पैसा विटाळलेला आहे, तो घेणे म्हणजे तो ज्या मार्गाने मिळवला त्या मार्गाला मंदिरातून आशीर्वाद देणे, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूचे म्हणत, पैशाला वास नसतो, तो चांगल्या कामी लागला की झाले. देशभर वाद पेटला. मग हळूच बाहेर आले की देणगी आपणहून आलेली नव्हती. मिशनच्याच लोकांनी ती खटपट करून मागितली होती.

पावतीपुस्तक घेऊन मंडळासाठी दारोदार फिरलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कोणाकडे जायचे, कोणाच्या नावाची कमान लावायची, आणि मग सभेत कोणी विचारले तर मागायला कोण गेले होते हे सांगायचे की नाही!

दरम्यान रॉकफेलरकडे रोज मदतीच्या पत्रांचा ढीग येई. पैसा देणे हा पैसा मिळवण्याइतकाच त्रासाचा उद्योग झाला होता. १८९१ पासून फ्रेडरिक गेट्स हा माजी धर्मोपदेशक त्याचा सल्लागार झाला आणि त्याने किरकोळ दान बंद करून घाऊक दान सुरू केले. भिकाऱ्याला नाणे देण्यापेक्षा रोगाचे मूळ शोधा, अशी दिशा. १९०१ मध्ये वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. १९०९ मध्ये दहा लाख डॉलर घालून दक्षिणेकडच्या राज्यांतल्या हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमीविरुद्ध मोहीम निघाली.

ही मोहीम मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्यात बसून रक्त पितो. माणूस फिकट, थकलेला, मंद होतो. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांना आणि काळ्यांना लोक सरसकट आळशी म्हणत, ते पुष्कळदा या जंताचे काम होते. औषध साधे होते. थायमॉल, म्हणजे आपल्याकडचे ओव्याचे फूल, आणि त्यानंतर रेचक मीठ. पण वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. उत्तरेचा धनाढ्य दक्षिणेची बदनामी करतो आहे, असे म्हटले गेले. एक अफवा तर अशी की, रॉकफेलर आता जोड्यांच्या धंद्यात उतरतो आहे आणि दक्षिणेच्या लोकांना बूट विकण्यासाठी हे जंताचे थोतांड रचले आहे. अटलांटाचे बिशप वॉरन कँडलर यांनीही या मोहिमेवर टीका केली. त्यांचे बंधू कोकाकोलाचे मालक होते, हेही जाता जाता सांगायला हवे.

मोहिमेचा प्रमुख विक्लिफ रोज हा शहाणा माणूस. त्याने अविश्वासाशी भांडण केले नाही. रॉकफेलरचे नाव मागे ठेवले, कामे राज्यांच्या आरोग्य खात्यांमार्फत करवली, गावोगाव तात्पुरते दवाखाने उघडले आणि लोकांना सूक्ष्मदर्शकातून जंताची अंडी स्वतः पाहू दिली. पाच वर्षांत सुमारे सात लाख लोकांवर उपचार झाले. माझ्या मते हे जितके पैशाचे श्रेय, तितकेच त्या संशयाचे. लोक डोळे मिटून टाळ्या वाजवत बसले असते, तर सरकारी आरोग्य खात्यांना बळ देण्याची गरज कोणाला वाटली असती?

१९१० मध्ये मात्र संशयाने वेगळे वळण घेतले. रॉकफेलरने एक कायमचे प्रतिष्ठान काढायचे ठरवले आणि त्यासाठी अमेरिकी संसदेकडे सनद मागितली. तेव्हा तेच सरकार स्टँडर्ड ऑइलविरुद्ध खटला चालवत होते, त्यामुळे वेळ अगदीच वाईट होती. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट विरोधात, कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स विरोधात. रॉकफेलरच्या लोकांनी बऱ्याच सवलती देऊ केल्या. निधीला दहा कोटी डॉलरची मर्यादा, आणि राष्ट्राध्यक्ष, सरन्यायाधीश, संसदेचे पदाधिकारी व पाच विद्यापीठांचे अध्यक्ष यांना बहुमताने विश्वस्तांची निवड रद्द करण्याचा अधिकार. तरी संसदेने सनद दिली नाही. शेवटी १९१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्याने ती दिली, आणि तिच्यात यातले एकही बंधन नव्हते. ज्यांना या पैशाच्या सत्तेची भीती होती, त्यांनी हाताशी आलेला लगाम स्वतःच सोडून दिला.

त्याआधी १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्डचे ३४ तुकडे केले होते. त्या तुकड्यांच्या समभागांचे भाव चढले आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षा श्रीमंत झाला.

मग आले लडलो. कोलोरॅडोतल्या ज्या कोळसा कंपनीत रॉकफेलर घराणे सर्वांत मोठे भागधारक होते, तिथे सप्टेंबर १९१३ पासून संप होता. कंपनीच्या घरांतून काढलेले खाणकामगार तंबूंत राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या शिपायांनी गोळीबार केला, तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. कंपनीचे व्यवहार तेव्हा मुलगा, धाकटा रॉकफेलर, पाहत होता. काही दिवसांपूर्वीच त्याने संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या युनियनविरोधी धोरणाची पाठराखण केली होती. या घटनेनंतर वर्षभराच्या आतच प्रतिष्ठानाने कामगार-मालक संबंधांचा अभ्यास करायला मॅकेन्झी किंग यांना नेमले. हेच किंग पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. धर्मादाय पैशातून मालकाचीच वकिली, असा आरोप झाला आणि फ्रँक वॉल्श यांच्या सरकारी आयोगाने बापलेकांना साक्षीला बोलावले. मला वाटते, या ठिकाणी संशय घेणाऱ्यांची बाजू पूर्णपणे खरी होती. जंतावरच्या औषधात डाव नव्हता. पण ज्याच्या खाणीत भांडण आहे त्यानेच भांडणाचा अभ्यास करायचा, यात हेतू कितीही शुद्ध असला तरी न्याय नाही.

पुढच्या काळात प्रसिद्धी सल्लागार नेमले गेले, म्हातारा रॉकफेलर मुलांना दहा सेंटची नाणी वाटताना चित्रफितीत दिसू लागला आणि लोकांचा राग निवळला. आयुष्यात त्याने ५० कोटी डॉलरहून अधिक दान केले. पण सर्वस्व दिले असे म्हणू नये. १९१७ ते १९२२ या काळात जवळपास तेवढीच संपत्ती त्याने मुलाच्या नावे केली. २३ मे १९३७ रोजी फ्लोरिडात तो वारला, तेव्हा वय ९७ होते.

प्रतिष्ठान मात्र चालू राहिले आणि आपल्याकडेही पोचले. कोलकात्याची सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये त्याच्याच मदतीने उभी राहिली. १९५२ मध्ये पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर त्याने विषाणू संशोधन केंद्र काढले, म्हणजेच आजची एनआयव्ही. पाच वर्षांनी शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली. तो विषाणू याच केंद्राने शोधून काढला. आपल्या भागात, दोडामार्ग आणि सत्तरीच्या पट्ट्यात, काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाला घरचे अजून ज्या माकडतापाची आठवण करून देतात, तो हाच.