आचार्य धर्मानंद कोसंबी : गोष्टीतून भाषेकडे



आपले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. मागावर उभे धागे नीट बसले नाहीत, तर रेशीम कितीही तलम असले तरी त्याचे वस्त्र होत नाही, हे येथील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. भाषेतही शब्द हे धागे आणि व्याकरण ही त्यांची मांडणी. परंतु केवळ धागे लावण्याच्या हौसेने कोणी विणकर होत नाही. तयार वस्त्र डोळ्यांसमोर असते, म्हणून तो मागावर बसतो. भाषा शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही असे काही असावे लागते. एका गोव्याच्या तरुणाच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट होती. त्या गोष्टीपायी त्याने घर सोडले, चार देश पालथे घातले आणि अखेर एक विसरलेली भाषा मराठी विद्यार्थ्यांच्या वर्गात आणून ठेवली. त्या तरुणाचे, म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आपण येथे पाहू.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील दामोदर यांचा निर्वाह नारळाच्या बागेवर चाले. प्रकृती अशक्त असल्याने धर्मानंदांचे शिक्षण मराठी प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे गेले नाही. बागेची देखभाल आणि घरची कामे हाच त्यांचा दिनक्रम झाला. लहान वयातच विवाह झाला. पुढे काही घडेल अशी चिन्हे नव्हती. मात्र वाचनाची आवड होती आणि हाती पडेल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत.

विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ नावाचे मुलांचे मासिक सुरू केले होते. त्यातील गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र १८९७ साली धर्मानंदांच्या वाचनात आले. लेख मुलांसाठी लिहिलेला, सोप्या भाषेतला. वाचणारा मात्र एकवीस वर्षांचा, संसाराने गांजलेला तरुण होता. त्या चार पानांनी त्याचे चित्त असे व्यापले, की बुद्धाविषयी जे काही जाणता येईल ते जाणून घ्यायचेच, असा त्याने निश्चय केला. मोठ्या विद्वानाचा आरंभ मुलांच्या मासिकातून झाला, ही गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. या जाण्याची किंमत एकट्या धर्मानंदांनी मोजली नाही. बाळाबाईंनी पुढील कित्येक वर्षे ती मोजली. थोरांची चरित्रे वाचताना घरी राहिलेल्यांचाही विचार आपण करावा.

पुण्यास येऊन ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. बौद्ध ग्रंथ समजण्यासाठी आधी संस्कृत हवे, म्हणून ते पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवावे, पडेल ते कष्ट सोसावेत आणि ‘कौमुदी’तील सूत्रे पाठ करावीत, असा क्रम चालला. ज्याला बालपणी शाळा पुरती लाभली नाही, त्याने ऐन पंचविशीत व्याकरणाचा श्रीगणेशा केला. शिकण्याचे वय उलटून गेले, अशी सबब त्यांनी कधी पुढे केली नाही.

१९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे बौद्ध धर्माचे जे रूप दिसले, त्याने त्यांची निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते श्रीलंकेस पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाली भाषेचे अध्ययन सुरू केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले.

येथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर सयामात तेथील लिपीत लिहिली जाते. त्यामुळे भारतात जन्मलेले हे वाङ्मय भारतीय विद्यार्थ्याला अक्षरओळखीपासूनच परके झाले होते. धर्मानंदांनी परदेशातील लिप्या आत्मसात केल्या आणि आपल्या मुलांनी मात्र हा ठेवा देवनागरीत वाचावा, यासाठी पुढे आयुष्य वेचले.

वास्तविक पाली आपल्याला परकी नाहीच. संस्कृतातील ‘हस्त’ पालीत ‘हत्थ’ होतो आणि मराठीत ‘हात’. ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’. ‘कर्ण’चे ‘कण्ण’ आणि मग ‘कान’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि मग ‘आज’. जोडाक्षरातील दोन भिन्न वर्ण पालीत सारखे होतात. पुढे मराठीत त्यांतील एक गळतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. एवढा एक नियम कळला, तरी शेकडो शब्दांची कुलपे उघडतात. संस्कृताप्रमाणे पालीत द्विवचन नाही; ऋ, ऐ, औ हे स्वर नाहीत; श, ष, स यांऐवजी एकच ‘स’ आहे. ‘बुद्धो’ म्हणजे बुद्ध, ‘बुद्धं’ म्हणजे बुद्धाला, ‘बुद्धेन’ म्हणजे बुद्धाने, ‘बुद्धस्स’ म्हणजे बुद्धाचा. रोजच्या वंदनेत आपण हीच रूपे उच्चारतो. अर्थ जाणून उच्चारली, तर तोंडपाठ शब्दांची भाषा होते.

आणि या भाषेत गोष्टींचे केवढे भांडार आहे! जातकात ५४७ कथा आहेत. लोकांच्या तोंडी पूर्वापार असलेल्या कितीतरी गोष्टी त्यांत सामावल्या आहेत. माकडाचे काळीज मागणारी मगर, बोलण्याचा मोह न आवरल्याने आकाशातून पडलेले कासव, या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या. त्याच जातकातही आहेत. जातककथेची रचना पाहण्यासारखी आहे. आधी वर्तमानातील प्रसंग, मग पूर्वीची गोष्ट, गाथा, त्या गाथेतील शब्दांचा उलगडा आणि अखेरीस दोन्ही काळांतील पात्रांची जुळणी. म्हणजे गोष्ट आणि शब्दांचा अर्थ एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात.

लाव्या पक्ष्यांची कथा घ्या. पारध्याने जाळे टाकले, की सारे लावे आपापल्या छिद्रातून डोके वर काढून जाळ्यासह उडत. ते काट्यांच्या झुडपावर टाकून खालून निसटत. पारधी स्वस्थ होता. यांचे एक दिवस भांडण होणार, हे तो जाणून होता. तसेच झाले. एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागला, वाद पेटला. पुढच्या वेळी, तू आधी उचल, मी का उचलू, असे म्हणत सारे जाळ्यातच राहिले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०६ साली चीवर उतरवून धर्मानंदांनी कलकत्त्यात पालीचे अध्यापन सुरू केले. तेथे प्रतिष्ठा होती, स्थैर्यही होते. पण महाराष्ट्रात हे ज्ञान न्यावे ही ओढ स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा अधिक प्राप्तीचा मार्ग सोडून ते परतले. डॉ. भांडारकरांच्या पुढाकाराने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले.

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाल्यावर ते १९१२ साली परत आले. पुढे आणखी काही वेळा जाऊन त्यांनी ते काम पुरे केले; ग्रंथ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली प्रसिद्ध झाला. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. नंतर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले.

परंतु केवळ महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांच्या नजरेसमोर नव्हते. ‘जातककथासंग्रह’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके त्यांनी साध्या मराठीत लिहिली. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तोही त्यांच्याच खटपटीने. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावासही भोगला.

बौद्ध ग्रंथांतील आधार तपासून, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या कलहाकडे गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणीचा प्रसंग महत्त्वाचा ठरला आहे. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश व व्याकरण तयार केले होते. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात प्रकाशित केले. एवढ्या कामांच्या रगाड्यात ज्या महापुरुषाने व्याकरणासाठी वेळ काढला, त्याने व्याकरण क्षुल्लक मानले नव्हते, हे उघड आहे.

धर्मानंदांचे अखेरचे दिवस आपल्याच विदर्भात, सेवाग्राम आश्रमात गेले. ४ जून १९४७ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. पाली शिकण्यासाठी येथून विद्यार्थी श्रीलंकेस पाठवावेत, अशी इच्छा त्यांनी शेवटी बोलून दाखवली होती. स्मारकाची नव्हे, विद्यार्थ्यांची इच्छा!

मित्रहो, आज पाली शिकण्यासाठी घरदार सोडून समुद्र ओलांडावा लागत नाही. देवनागरीतील ग्रंथ हाताशी आहेत, शब्दकोश आहेत, शिकवणारे आहेत. धर्मानंदांना जे तेविसाव्या वर्षी घर सोडून शोधावे लागले, ते आपल्याला वसतिगृहाच्या छताखाली मिळू शकते. तेव्हा ग्रंथालयातील जातककथांचे पुस्तक उघडावे, एक गोष्ट वाचावी, तिच्यातील एका गाथेचा शब्दन् शब्द उलगडावा आणि आपल्याहून लहान विद्यार्थ्याला ती सांगावी. धर्मानंदांनाही त्यांचा मार्ग अशाच एका गोष्टीने दाखवला होता.